चॉकी केंद्रातला एसी : ‘कॉम्प्रेसर गेला’ म्हणण्याआधी

रेशीम शेती जालना जिल्ह्याला आता नवी राहिलेली नाही. सन २०१८ मध्ये जालन्याच्या बाजार समितीत कोषांची खरेदी सुरू झाली. त्याआधी आपले शेतकरी कोषांची पोती घेऊन पार कर्नाटकात रामनगरला जात होते. बाजार दारात आला तशी तुतीची लागवड वाढली, आणि त्यापाठोपाठ चॉकी केंद्रे आली. म्हणजे अंडीपुंजातून निघालेल्या अळ्या दुसरी कात टाकेपर्यंत, साधारण सात-आठ दिवस एका ठिकाणी सांभाळायच्या आणि मग शेतकऱ्यांना वाटून द्यायच्या. तान्ही लेकरे सांभाळण्यासारखेच काम हे.

या लेकरांना हवा लागते २७ ते २८ अंशांची आणि आर्द्रता ८० ते ९० टक्के. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या आसपास आणि हवा भाजलेल्या पापडासारखी कोरडी. म्हणून चॉकीच्या खोलीत एसी आला. तो चैनीसाठी नाही, हे आधी लक्षात घ्यावे. शंभर अंडीपुंज म्हणजे चाळीस-पन्नास हजार अळ्या. एका खोलीत एका वेळी पंचवीस-तीस शेतकऱ्यांचा माल असतो. भर उन्हाळ्यात रात्री एसी बंद पडला आणि खोली पस्तीस अंशांवर गेली, तर अळ्या सगळ्याच लगेच मरत नाहीत. पण त्या लहान-मोठ्या होतात, अशक्त होतात आणि पुढे शेतकऱ्याच्या शेडमध्ये गेल्यावर ग्रासरी, फ्लॅचरीला बळी पडतात. तो बिचारा आपल्या पाल्याला दोष देत बसतो. खरे दुखणे चॉकीतून आलेले असते.

आता मूळ विषय. केंद्रचालकांकडून नेहमी ऐकू येणारे वाक्य म्हणजे, ‘साहेब, कॉम्प्रेसर गेला म्हणतोय मेकॅनिक.’ कॉम्प्रेसर हा बाहेरच्या युनिटमधला काळा डबा. तो गॅस दाबतो आणि फिरवतो. एसीतली सर्वांत महाग वस्तू तीच. मी काही एसीचा मेकॅनिक नव्हे, पदविका शेतीची. पण फिरतीत चार केंद्रांवर मेकॅनिकच्या शेजारी उकिडवे बसून त्याच्या मीटरवरचे आकडे पाहिले. एक गोष्ट ठामपणे सांगता येते. ‘कॉम्प्रेसर गेला’ असे जितक्यांदा म्हटले जाते तितक्यांदा तो गेलेला नसतो. आणि जेव्हा खरोखर जातो तेव्हा त्याला मारणारा दुसराच कुणीतरी असतो. त्या मारेकऱ्याला खोलीत तसाच ठेवून नवा कॉम्प्रेसर बसवला, तर तोही वर्ष-दीड वर्षात त्याच वाटेने जातो.

पहिला संशयित वीज. केंद्र बहुधा शेतात, आणि डीपी सगळ्या शिवाराची. आळीपाळीच्या विजेत पंपांची वेळ आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात. अशा वेळी २३० व्होल्टच्या जागी १८० येतात. मोटारीचा सुरू होण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणून १८० ला तो साधारण ६० टक्केच उरतो. डबा घुमतो, हुंकारतो, पण फिरत नाही. करंट भरमसाट ओढतो, तापतो आणि आतले ओव्हरलोड त्याला बंद करते. थोड्या वेळाने पुन्हा तेच. म्हणून मेकॅनिक आला की त्याला सांगावे, एसी बंद असताना नाही तर सुरू व्हायच्या क्षणी व्होल्टेज मोज, आणि तेही बाहेरच्या युनिटच्या टर्मिनलवर. बोर्डावर २२० आणि युनिटवर १९० असेल तर दोष मधल्या बारीक किंवा सैल वायरचा आहे. त्यासाठी कॉम्प्रेसर बदलायचे कारण नाही.

दीड टनाच्या एसीला साधारण चार केव्हीएचा स्टॅबिलायझर लागतो, आणि त्यात तीन मिनिटांचा टाइम डिले हवा. वीज गेली आणि लगेच आली, तर आतल्या गॅसचा दाब अजून समान झालेला नसतो. त्या दाबाविरुद्ध कॉम्प्रेसर उठू पाहतो आणि अडकतो. आपल्याकडे वीज दिवसातून कितीदा जाते-येते हे मी सांगायला नको.

दुसरा संशयित कपॅसिटर. बाहेरच्या युनिटमध्ये हा अॅल्युमिनियमचा डबीएवढा भाग असतो. त्यावर ३५, ४५ किंवा ५० मायक्रोफॅरड असा आकडा छापलेला असतो. उन्हाने आणि उष्णतेने तो हळूहळू कमजोर होतो. छापील आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी भरला किंवा फुगलेला दिसला की बदलावा. किंमत काही शे रुपये. कपॅसिटर गेल्याची लक्षणे हुबेहूब कॉम्प्रेसर गेल्यासारखीच असतात. पंखा फिरतो, डबा हूं हूं करतो, उठत नाही. अंबड तालुक्यातल्या एका केंद्रावर मेकॅनिकने जुना कॉम्प्रेसर सोडवायला पाना लावला होता. चालकाचा भाऊ मोटार रिवाइंडिंगचे काम करणारा. त्याने आधी कपॅसिटर मोजायला लावला. ५० च्या जागी २८ भरला. नवा टाकल्यावर मशीन सुरू झाले. एक सावधानता मात्र सांगतो. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार साठून राहतो. माहितगाराशिवाय त्याला हात लावू नये.

तिसरी गोष्ट घाणीची. बाहेरच्या युनिटच्या जाळीवर शेतातली धूळ आणि कापसाचे तंतू बसून गोधडी तयार होते. उष्णता बाहेर जात नाही, दाब वाढतो, करंट वाढतो, कॉम्प्रेसर तापून बंद पडतो. दुपारी बंद पडणारा आणि पहाटे नीट चालणारा एसी दिसला, की आधी जाळी पाहावी. महिन्यातून एकदा, वीज बंद करून, साध्या पाइपाने हलक्या धारेने धुवावी. फवारणीच्या एचटीपी पंपाने धुऊ नये, पात्या वाकतात. युनिट पश्चिमेच्या भिंतीला, वर सावली नाही आणि समोर बारदानाची थप्पी, असे दृश्य मी पाहिलेले आहे. त्या मशीनने श्वास घ्यावा तरी कुठून?

एवढे तिन्ही तपासून झाले की मग कॉम्प्रेसरकडे वळावे. मेकॅनिकला तीन आकडे मागा आणि वहीत लिहून घ्या. आपण खताचा, फवारणीचा हिशोब लिहितोच की.

पहिला आकडा करंटचा. दीड टनाचा साधा एसी साधारण सात-आठ अँपिअर घेतो. नेमका आकडा युनिटच्या पाटीवर छापलेला असतो.

दुसरा आकडा दाबाचा. दोन्ही बाजूंचे दाब कमी आणि करंटही कमी, तर गॅस कमी आहे. आत येणाऱ्या बारीक नळीवर किंवा कॉइलच्या एका कोपऱ्यात बर्फ धरणे हीदेखील त्याचीच खूण. कमी दाबाची बाजू वर चढलेली, जास्त दाबाची बाजू उतरलेली आणि करंट कमी, असे असेल तर डबा फिरतो आहे पण दाबत नाही. आतून झिजला. दोन्ही दाब जास्त आणि करंटही जास्त, तर जाळी किंवा पंखा. तिन्ही दुखण्यांत खोलीत ‘थंड होत नाही’ हे एकच लक्षण दिसते. म्हणूनच गेज न लावता, नुसता हात लावून निदान करणाऱ्याला नम्रपणे चहा पाजून रवाना करावे.

तिसरा आकडा वाइंडिंगचा. डब्यावर तीन टोके असतात, सी, आर आणि एस. वायर काढून दोन-दोन टोकांमध्ये ओहम मोजायचे. आर आणि एस मधला आकडा बाकी दोन आकड्यांच्या बेरजेइतका यायला हवा. उदाहरणादाखल, सी-आर २ आणि सी-एस साडेतीन असेल तर आर-एस साडेपाच. मग प्रत्येक टोक आणि डब्याचा पत्रा यांमध्ये मेगर लावायचा. तिथे वीज उतरत असेल तर वाइंडिंग जळून बॉडीला लागले, तो डबा नक्की गेला. इथे एक फसगत होते. डबा तापलेला असताना आतले ओव्हरलोड उघडलेले असते, म्हणून सी कडून काहीच आकडा येत नाही, पण आर-एस मध्ये येतो. हा कॉम्प्रेसर मेलेला नाही, तापला आहे. दोन-तीन तास पूर्ण गार होऊ द्यावा आणि पुन्हा मोजावे. घाईत अशा जिवंत डब्यांना भंगारात काढलेले आहे.

इन्व्हर्टर एसीचे गणित वेगळे. त्यात तिन्ही टोकांमधले आकडे सारखे यावे लागतात, आणि तिथे डब्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक बोर्ड जाण्याचे प्रमाण जास्त. त्याला कंपनीचाच जाणकार माणूस बोलवावा.

आता त्या मारेकऱ्याकडे येतो. हा भाग फक्त आपल्या रेशीमवाल्यांचा आहे, आणि शहरातल्या मेकॅनिकला तो सहसा माहीत नसतो.

प्रत्येक बॅचनंतर आपण खोली निर्जंतुक करतो. ब्लीचिंग पावडर आणि चुन्याचे द्रावण, क्लोरीन डायऑक्साइड, काही ठिकाणी अजून फॉर्मेलिन. ते केलेच पाहिजे, त्यात हयगय नको. पण आतल्या युनिटची कॉइल तांब्याची नळी आणि अॅल्युमिनियमच्या पात्यांची असते. क्लोरीनची वाफ या दोन्ही धातूंना खाते. फॉर्मेलिनचे तर अजून वाईट. त्याच्या वाफेतून ओलाव्याच्या संगतीने फॉर्मिक आम्ल तयार होते. मुंगी चावल्यावर आग होते ती याच आम्लाने. आणि गंमत बघा, हे आम्ल तांब्याच्या नळीत जी भोके पाडते तीही मुंग्यांच्या वारुळासारखी, आत वेडीवाकडी पसरत जाणारी. बाहेरून सुईच्या टोकाएवढाही डाग दिसत नाही आणि गॅस मात्र हळूहळू निघून जातो.

गॅस हे काही डिझेल नव्हे, तो जळून संपत नाही. मशीनमध्ये भरलेला गॅस सांधे आणि नळ्या शाबूत असतील तर वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. ‘दर उन्हाळ्याला गॅस मारून घेतो’ असे कुणी सांगितले की समजावे, गळती आहे आणि ती कुणी शोधलेली नाही. गॅस कमी झाला की पुढचे चक्र सुरू होते. कॉम्प्रेसरची मोटर आत फिरणाऱ्या गॅसवरच थंड राहते, आणि तिचे तेलही गॅसबरोबरच फिरून परत येते. गॅस घटला की खोली थंड होत नाही, थर्मोस्टॅट तोडत नाही, मशीन रात्रंदिवस चालते, डबा तापतो, तेल करपते आणि शेवटी वाइंडिंग जळते. लोक म्हणतात कॉम्प्रेसर कच्चा होता. तो कच्चा नव्हता, आपण त्याला वर्षभर उपाशी चालवला.

म्हणून निर्जंतुकीकरणाच्या आधी एसी बंद करून आतल्या युनिटवर जाड प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधावी. फवारणी झाल्यावर ठरलेला काळ खोली बंद ठेवावी, मग दारे-खिडक्या उघडून पंख्याने वास पूर्ण काढावा आणि नंतरच पिशवी सोडावी. वास असताना एसी सुरू करणे म्हणजे ती वाफ मुद्दाम ओढून कॉइलवर घालणे होय. खर्च एका पिशवीचा आणि सुतळीचा.

दुसरी सवय १८ अंशांवर लावून ठेवायची. १८ वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही. यंत्र तेवढ्याच जोराने थंड करते, फक्त थांबत नाही. शिवाय जितके जास्त चालते तितकी हवेतली ओल ओढून घेते. अमेरिकेत विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये हे यंत्र आखले तेच मुळी ब्रुकलिनच्या एका छापखान्यातली दमट हवा आटोक्यात आणण्यासाठी, कारण ओलीने कागद फुगत होता. हवा सुकवणे हा त्याचा जन्मजात स्वभाव, आणि आपल्याला चॉकीत हवा पाहिजे ओली. तेव्हा एसी २६-२७ वर ठेवावा. ओलीसाठी ह्युमिडिफायर किंवा ओले बारदान वेगळे असावे. पत्र्याच्या छताखाली आतून थर्माकोलचे किंवा फोमचे अस्तर लावावे. एवढ्याने कॉम्प्रेसरला अधूनमधून विसावा मिळतो.

आता डबा खरोखरच गेला असे तिन्ही आकड्यांनी सिद्ध झाले, तर बदलताना काय पाहावे?

आधी वॉरंटी कार्ड काढा. बऱ्याच कंपन्या कॉम्प्रेसरला पाच ते दहा वर्षांची वॉरंटी देतात. पण गॅस, मजुरी आणि वाहतूक त्यात बहुधा नसते, आणि व्यवसायासाठी वापर असल्यास काही अटी असतात. बाहेरच्या माणसाने एकदा नळी कापली की पुढे दावा अवघड होतो. म्हणून आधी फोन कंपनीला करावा.

कॉइल जागोजागी गळत असेल, मशीन आठ-दहा वर्षांचे असेल आणि जुन्या आर-२२ गॅसचे असेल, तर नुसता कॉम्प्रेसर बदलू नये, अख्खा एसीच बदलावा. माझे हे स्पष्ट मत आहे. कॉइल चांगली असेल तर कॉम्प्रेसर त्याच क्षमतेचा आणि त्याच गॅसचा घ्यावा. आर-२२ पेक्षा आर-४१० आणि आर-३२ चा दाब सुमारे दीडपटीहून जास्त असतो. एकाचा डबा दुसऱ्याला चालत नाही. बाजारात कापून, वाइंडिंग बांधून, पुन्हा वेल्ड मारून रंगवलेले डबे नव्याच्या भावात मिळतात. मधल्या सांध्यावर दुसऱ्यांदा वेल्ड केल्याची जाड रेघ दिसते का ते पाहावे. नव्या डब्याच्या नळ्यांना रबरी बुचे घट्ट बसवलेली असतात आणि ती काढताना ‘फुस्स’ आवाज येतो. बुचे काढून डबा उघडा ठेवू नये. नव्या गॅसचे तेल हवेतली ओल मिठासारखी शोषते.

जुना डबा जळून गेला असेल तर करपलेले, आंबूस वासाचे तेल सगळ्या नळ्यांत पसरलेले असते. ते धुऊन काढले नाही तर नव्या डब्याचे वाइंडिंग तेच खाते. तेव्हा नळ्या फ्लश करणे, नवा फिल्टर-ड्रायर टाकणे, सांधे करताना आतून नायट्रोजन सोडणे, मग नायट्रोजनच्याच दाबाने गळती तपासणे आणि शेवटी व्हॅक्यूम पंपाने आतली हवा व ओल खेचून काढणे, ही कामे होताना समोर उभे राहावे. व्हॅक्यूम दहा मिनिटांत उरकत नाही, अर्धा-पाऊण तास तरी द्यावाच लागतो. काही जण पंप न लावता थोडा गॅस सोडून ‘हवा काढली’ म्हणतात, ते चालवून घेऊ नये. गॅस पाटीवर लिहिलेल्या वजनाने, काट्यावर मोजून भरायला सांगावे.

दोन धोके आहेत. गळती तपासायला वेल्डिंगचा ऑक्सिजन कुणी लावू लागला तर त्याला तिथेच थांबवा. ऑक्सिजन आणि तेल दाबाखाली एकत्र आले की स्फोट होतो, माणसे दगावतात. आणि आर-३२ हा गॅस पेट घेऊ शकतो. तो पूर्ण काढून घेतल्याशिवाय नळीला ज्योत लावायची नाही, जवळ बिडी पेटवायची नाही.

बिडीवरून आठवले. तंबाखू मळलेल्या हाताने मेकॅनिकला चॉकीच्या खोलीत सोडू नका. निकोटिन अळीला विष आहे. साबणाने हात धुऊन, चपला बाहेर काढूनच आत घ्यावे. आतल्या युनिटचे काम, फ्लशिंगच्या रसायनाचा वास, ज्योतीचा धूर, हे सगळे खोली रिकामी असतानाच उरकावे. पाहुण्याला हात धुवायला सांगायचा संकोच वाटतो खरा.

कॉम्प्रेसर मिळून बसेपर्यंत एक-दोन दिवस जातात, तोवर अळ्या कशा सांभाळायच्या? उन्हाळ्यात हवा कोरडी असते तेव्हा वाळ्याच्या किंवा मधपोळ्याच्या जाळीचा कूलर चांगली साथ देतो, आणि ओलही देतो. त्याची जाळी व टाकी मात्र स्वच्छ असावी. खिडक्यांना ओली बारदाने, छतावर पाचट टाकून पाणी, ट्रे रॅकच्या खालच्या कप्प्यांत, आणि पाला ताजा, कोवळा, पहाटे तोडलेला. कात टाकण्याच्या वेळी मात्र बिछाना ओला ठेवू नये. पावसाळ्यात दमट हवेत कूलरचा उपयोग होत नाही, तेव्हा शेजारच्या केंद्राशी आधीच बोलून ठेवलेले बरे. खोलीत कमाल-किमान तापमापक टांगावा. रात्री दोनला काय झाले ते सकाळी तोच सांगतो. बॅच तापली असेल तर ती शेतकऱ्यांना देताना तसे सांगून द्यावी. त्यांना काळजी तरी घेता येईल.

जुना डबा वॉरंटीत बदलला तर तो कंपनीकडे परत जातो. वॉरंटी नसेल तर तो तुमचा आहे. त्यात तांबे आणि लोखंड असते, आणि जालन्यात भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या काही थोड्या नाहीत. डबा मागून घ्या, नाहीतर त्याची किंमत बिलातून वजा करून घ्या.